अमेरिकेत म्हाताऱ्या माणसांना उपचार फुकट मिळतात का? मेडिकेअरचा विषय नेमका काय आहे

संध्याकाळची वेळ. बागेतल्या बाकावर ज्येष्ठ मंडळींची बैठक बसलेली. त्यातले एक काका सांगत असतात, "पोरगा न्यू जर्सीत आहे, ग्रीन कार्डचं काम झालंय. आता आम्ही दोघं तिकडंच. तिकडं पासष्टीनंतर दवाखान्याचं सगळं सरकारच बघतं."

बाकीचे माना डोलावतात. कुणीतरी म्हणतं, "नशीबवान आहात."

यातलं अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं समजून न घेता विमानात बसलं, तर पहिली पाच वर्षं सरकारी विमाच नाही आणि त्यानंतर दोघा नवरा-बायकोला मिळून महिन्याला दीड हजार डॉलरच्या वर हप्ता, असा प्रकार होऊ शकतो. तोही उपचार सुरू व्हायच्या आधी.

तर विषय आहे मेडिकेअरचा. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा हा आरोग्य विमा ६५ वर्षांवरच्या लोकांसाठी आणि त्याहून लहान वयाच्या पण काम करू न शकणाऱ्या दिव्यांगांसाठी आहे. आज साडेसहा कोटींहून जास्त लोक त्यात आहेत. त्यातले साधारण दहातले नऊ ज्येष्ठ आणि एक दिव्यांग, असं प्रमाण आहे.

सुरुवातीलाच एक घोळ मिटवू. मेडिकेअर वेगळं आणि मेडिकेड वेगळं. मेडिकेअर वयावर आणि अपंगत्वावर मिळतं, खिशात किती पैसे आहेत हे तिथं बघत नाहीत. मेडिकेड कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी आहे, ते केंद्र आणि राज्य मिळून चालवतात, आणि राज्य बदललं की नियम बदलतात. नावं सारखी असल्यामुळं खुद्द अमेरिकेतली माणसंही गल्लत करतात.

हे आलं कुठून?

१९६० च्या आसपास अमेरिकेतल्या साधारण निम्म्या ज्येष्ठांकडं हॉस्पिटलचा विमा नव्हता. तिथं विमा नोकरीसोबत यायचा. माणूस रिटायर झाला की नोकरी गेली आणि विमाही गेला. ज्या वयात दवाखान्याची खरी गरज, त्याच वयात विमा कंपन्या दार लावून घ्यायच्या.

राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी १९४५ मध्येच सगळ्या देशासाठी सरकारी आरोग्य विम्याचा प्रस्ताव मांडला होता. डॉक्टरांच्या संघटनेनं, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशननं, तो हाणून पाडला. पुढं १९६१ मध्ये याच संघटनेच्या मोहिमेसाठी एका नटानं ग्रामोफोनची तबकडी रेकॉर्ड केली. सरकारी विमा आला तर समाजवाद येईल, असा तिचा सूर होता. तो नट म्हणजे रोनाल्ड रेगन. नंतर राष्ट्राध्यक्ष झालेले तेच.

शेवटी ३० जुलै १९६५ रोजी लिंडन जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. सही कुठं केली? वॉशिंग्टन सोडून ते मिसुरी राज्यातल्या इंडिपेन्डन्स गावी, ट्रुमन यांच्या नावाच्या ग्रंथालयात गेले. शेजारी ८१ वर्षांचे ट्रुमन बसले होते. मेडिकेअरचं पहिलं कार्ड त्यांना दिलं, दुसरं त्यांच्या पत्नी बेस यांना.

१ जुलै १९६६ ला योजना सुरू झाली तेव्हा सुमारे १ कोटी ९० लाख लोक तिच्यात होते. पण त्याआधीच्या काही महिन्यांत जे घडलं, त्याची चर्चा कमी होते. दक्षिणेतल्या राज्यांत गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे आणि काळ्यांचे वेगळे होते, काही हॉस्पिटलांत तर काळ्या रुग्णांना प्रवेशच नव्हता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात लिहिलं होतं की भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही. मेडिकेअर आल्यावर या ओळीला दात फुटले. म्हाताऱ्या रुग्णांचं बिल सरकारकडून हवं असेल तर वॉर्ड एक करा, असं सरकारनं सांगितलं. चार महिन्यांच्या आत सुमारे हजार हॉस्पिटलांनी वर्षानुवर्षांच्या भिंती काढल्या. निदर्शनांनी आणि खटल्यांनी जे रखडत चाललं होतं, ते बिलाच्या पैशानं उरकलं.

दिव्यांग लोक यात कधी आले?

सुरुवातीला योजना फक्त ज्येष्ठांची होती. चाळिशीत अर्धांगवायू झालेला माणूस तिच्यात बसत नव्हता. १९७२ मध्ये रिचर्ड निक्सन यांच्या काळात कायदा बदलला आणि जुलै १९७३ पासून दिव्यांगांना व किडनी निकामी झालेल्यांना मेडिकेअर लागू झालं.

किडनीची गोष्ट तर अंगावर येणारी आहे. १९६० च्या सुरुवातीला सिएटलमध्ये कायमस्वरूपी डायलिसिस शक्य झालं होतं, पण मशीन मोजकी आणि रुग्ण खूप. मग कुणाला मशीन द्यायचं हे ठरवायला सामान्य नागरिकांची एक समिती नेमली गेली. कोण विवाहित, किती मुलं, नोकरी काय, समाजाला उपयोग किती, असं बघून ही समिती ठरवायची. ज्याचं नाव यादीत आलं नाही त्याचं काय होणार, हे सगळ्यांना माहीत होतं. नोव्हेंबर १९७१ मध्ये एका रुग्णानं संसदेच्या समितीसमोर खुर्चीत बसून प्रत्यक्ष डायलिसिस करून दाखवलं. पुढच्या वर्षी कायदा झाला. आजही किडनी निकामी झाली तर अमेरिकेत वयाची अट न लावता मेडिकेअर मिळतं. फक्त स्वतःची, जोडीदाराची किंवा आईवडिलांची नोकरीची नोंद पुरेशी लागते.

बाकीच्या दिव्यांगांसाठी मात्र एक अट आहे, आणि ती कठोर आहे. आधी सोशल सिक्युरिटीचा अपंगत्व भत्ता मंजूर व्हावा लागतो. त्यासाठी आजार निदान वर्षभर टिकणारा किंवा जिवावर बेतणारा असावा, माणूस अर्थपूर्ण काम करू शकत नसावा आणि त्याची नोकरीची नोंद असावी. हा भत्ता सुरू व्हायला पाच महिने थांबायचं. मग मेडिकेअरसाठी आणखी २४ महिने. म्हणजे माणूस अंथरुणाला खिळल्यापासून जवळपास अडीच वर्षं. खर्च आवरण्यासाठी १९७२ मध्ये ठेवलेली ही अट आजही तशीच आहे. एएलएस या स्नायू निकामी करणाऱ्या आजाराला २००१ पासून दोन वर्षांच्या थांबण्यातून सूट मिळाली, कारण तो रुग्ण तेवढा जगेल याचीच खात्री नसते. कॅन्सरच्या रुग्णाला अशी सूट नाही.

अमेरिकेत वाढणाऱ्या भारतीय कुटुंबांनी एक तरतूद लक्षात ठेवायला हवी. मूल ऑटिस्टिक असेल किंवा त्याचं अपंगत्व २२ वर्षांच्या आत सुरू झालं असेल आणि ते अविवाहित असेल, तर आई किंवा वडील रिटायर झाल्यावर, अपंग झाल्यावर किंवा वारल्यावर त्यांच्या नोकरीच्या नोंदीवर त्या मुलाला भत्ता मिळू शकतो, आणि २४ महिन्यांनी मेडिकेअरही. अनेक पालकांना हे मूल तिशीत गेल्यावर कळतं.

ए, बी, सी, डी

मेडिकेअर म्हणजे एकच विमा नाही, चार तुकडे आहेत. १९६५ मध्ये विल्बर मिल्स नावाच्या खासदारानं तीन वेगवेगळे प्रस्ताव एकाच कायद्यात बसवले, त्यामुळं ए आणि बी पहिल्या दिवसापासून वेगळे राहिले. बाकीचे नंतर चिकटत गेले.

पार्ट ए म्हणजे हॉस्पिटलमध्ये ऍडमिट झाल्याचा खर्च. ज्यानं किंवा ज्याच्या जोडीदारानं साधारण दहा वर्षं, म्हणजे ४० तिमाह्या, कर भरून नोकरी केली आहे त्याला याचा हप्ता शून्य. पण उपचार शून्यात होत नाहीत. २०२६ मध्ये ऍडमिट झाल्यावर पहिले १,७३६ डॉलर स्वतः भरायचे, मग ६० दिवसांपर्यंत मेडिकेअर भरतं. ६१ व्या दिवसापासून रोजचे ४३४ डॉलर पुन्हा रुग्णाचे. आणि हे १,७३६ डॉलर वर्षातून एकदाच लागतात असंही नाही. डिस्चार्ज होऊन ६० दिवस उलटल्यावर पुन्हा ऍडमिट झालं की मीटर पुन्हा सुरू.

पार्ट बी म्हणजे डॉक्टरांची फी, तपासण्या, ओपीडी, व्हीलचेअरसारखी साधनं. याला हप्ता आहे, २०२६ मध्ये महिन्याला २०२.९० डॉलर, आणि उत्पन्न जास्त असेल तर त्याहून जास्त. वर्षाचे पहिले २८३ डॉलर स्वतःचे, त्यानंतर बहुतेक सेवांचे २० टक्के स्वतःचे. या २० टक्क्यांना वरची मर्यादाच नाही. कॅन्सरच्या उपचाराचं बिल दोन लाख डॉलर झालं तर २० टक्के किती होतात, हा हिशोब ज्यानं त्यानं करावा.

पार्ट डी म्हणजे औषधं. हा भाग २००६ मध्ये आला. म्हणजे चाळीस वर्षं अमेरिकेच्या म्हाताऱ्यांच्या सरकारी विम्यात घरी घ्यायच्या गोळ्याच नव्हत्या. आता परिस्थिती बरीच सुधारली आहे. इन्सुलिन महिन्याला जास्तीत जास्त ३५ डॉलर, आणि २०२६ मध्ये योजनेतल्या औषधांवर वर्षाला २,१०० डॉलरच्या वर स्वतःचा खर्च होत नाही.

पार्ट सी सगळ्यात शेवटी, कारण खरा वाद तिथं आहे.

याला मेडिकेअर ऍडव्हान्टेज म्हणतात. सरकार खाजगी विमा कंपनीला माणसामागं ठरावीक रक्कम देतं आणि ए, बी, बहुतेक वेळा डी सुद्धा तीच कंपनी सांभाळते. वर चष्मा, दात, जिमची मेंबरशिप अशी आमिषं असतात. हप्ता अनेकदा बी शिवाय वेगळा नसतो आणि वर्षाच्या खर्चाला मर्यादा असते. २०२३ पासून पात्र लोकांपैकी निम्म्याहून जास्त या गटात आहेत.

मग वाद कसला? तर मूळ मेडिकेअरमध्ये देशात कुठल्याही कोपऱ्यात, मेडिकेअर घेणाऱ्या कुठल्याही डॉक्टरकडं जाता येतं. ऍडव्हान्टेजमध्ये कंपनीच्या यादीतलाच डॉक्टर, आणि बऱ्याच उपचारांना आधी परवानगी. २०२२ मध्ये आरोग्य खात्याच्याच महानिरीक्षकांनी तपासलं, तेव्हा कंपन्यांनी नाकारलेल्या परवानग्यांपैकी १३ टक्के प्रकरणं मेडिकेअरच्या नियमात व्यवस्थित बसत होती. माणूस धडधाकट असताना हा विमा छान वाटतो. परीक्षा आजारपणात होते.

मूळ मेडिकेअर घेणारे लोक ते २० टक्के भरून काढायला मेडिगॅप नावाचा पुरवणी विमा घेतात. इथं एक खिडकी आहे जी एकदाच उघडते. ६५ पूर्ण आणि पार्ट बी सुरू झाल्यापासून सहा महिने कंपनी जुन्या आजारावरून नाकारू शकत नाही. नंतर न्यूयॉर्कसारखी मोजकी राज्यं सोडली तर कंपनी तब्येत बघते, दर वाढवते किंवा सरळ नाही म्हणते. त्यामुळं आधी ऍडव्हान्टेज घेऊ, आजारी पडल्यावर मूळ मेडिकेअरकडं वळू, हा बेत अनेकांचा फसतो. ६५ च्या खालच्या दिव्यांगांना तर केंद्राचा कायदा मेडिगॅपची ही खिडकीही देत नाही, राज्यानं दिली तर दिली.

उशीर केला तर जन्मभर दंड

६५ वा वाढदिवस ज्या महिन्यात, त्याच्या आधीचे तीन महिने, तो महिना आणि नंतरचे तीन, अशी सात महिन्यांची मुदत असते. त्यात पार्ट बी घेतलं नाही आणि दुसरा ग्राह्य विमा नसेल, तर उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागं हप्ता १० टक्क्यांनी वाढतो. हा दंड एकदा भरून सुटत नाही, पार्ट बी असेपर्यंत तो हप्त्याला चिकटून राहतो.

स्वतः किंवा जोडीदार अजून नोकरीत असेल आणि तिथला विमा असेल तर थांबता येतं. नोकरी सुटल्यावर आठ महिने मिळतात. पण नोकरी सुटल्यावर कोब्रा नावाचा जो विमा स्वतःच्या पैशानं चालू ठेवता येतो, तो यासाठी धरला जात नाही. शिकलेसवरलेले, मोठ्या पगाराचे लोक इथंच अडकतात.

आता मराठी घरांचा प्रश्न

एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या इंजिनिअरच्या पगारातून पहिल्या महिन्यापासून १.४५ टक्के मेडिकेअरचा कर कापला जातो, तेवढाच कंपनी भरते. भारत आणि अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार नाही. त्यामुळं चार-सहा वर्षं काम करून पुण्याला परत आलेल्याचे हे पैसे परत मिळत नाहीत आणि ४० तिमाह्याही भरत नाहीत. भारतात केलेली नोकरी तिथं मोजत नाहीत.

बाकावरच्या काकांचा मुद्दा यापुढचा. मुलानं वीस वर्षं कर भरला तरी त्याच्या नोंदीवर आईवडिलांना फुकट पार्ट ए मिळत नाही. जोडीदाराचं चालतं, मुलाचं नाही.

मग आईवडिलांना काय? ६५ पूर्ण हवेत, ग्रीन कार्ड हवं, आणि अर्जाच्या लगेच आधीची सलग पाच वर्षं अमेरिकेत वास्तव्य हवं. हे झालं की मेडिकेअर विकत घेता येतं. २०२६ चा हप्ता पार्ट एसाठी ५६५ डॉलर आणि बीसाठी २०२.९०, म्हणजे माणशी ७६७.९० डॉलर. दोघांचे १,५३५.८० झाले, दर महिन्याला. एकटं पार्ट बी घेता येतं, पण एकटं पार्ट ए विकत घेता येत नाही. उत्पन्न कमी असेल तर काही राज्यांत मेडिकेडमधून हप्त्याला मदत होऊ शकते.

त्या पहिल्या पाच वर्षांचं काय? तोपर्यंत मार्केटप्लेसवरचा खाजगी विमा घ्यावा लागतो. तो जुन्या आजारांसकट मिळतो, पण त्यासाठी पैसे मोजावे लागतात. आणि टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या आईवडिलांसाठी यातलं काहीच नाही, फक्त प्रवासी विमा. तो जुना मधुमेह आणि जुनं हृदय बहुतेक वेळा बाजूला ठेवतो.

"सलग" हा शब्दही हलक्यात घेऊ नये. सहा महिने तिकडं, सहा महिने गावाकडं, गणपतीला हमखास घरी, अशी ज्यांची राहणी आहे त्यांच्या लांबलेल्या मुक्कामांवरून पाच वर्षांच्या हिशोबात अडचण येऊ शकते. तारखा लिहून ठेवलेल्या बऱ्या.

आणि सगळं जमून कार्ड हातात आलं, तरी ते साताऱ्यात चालत नाही. मोजके अपवाद सोडले तर मेडिकेअर अमेरिकेबाहेरचं बिल भरत नाही. गुडघ्याचं ऑपरेशन भारतात स्वस्तात होतं म्हणून कुणी आलं, तर तो खर्च पूर्ण स्वतःचा.

भारतात आपल्याकडं ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला कुटुंबामागं ५ लाखांपर्यंत उपचार आहेत आणि त्याला हप्ता नाही. पण ते ऍडमिट झाल्यावरच, ओपीडी त्यात नाही. अमेरिकेत हप्ता आहे, पण ओपीडीपासून डायलिसिसपर्यंत व्याप्ती मोठी. तुलना करताना दोन्ही बाजू धरून करावी.

जे मेडिकेअरमध्ये नाहीच

दातांची रोजची कामं, चष्मा, कानाचं मशीन मूळ मेडिकेअरमध्ये नाही. सगळ्यात मोठा धक्का मात्र सांभाळाचा असतो. स्मृतिभ्रंश झालेल्या आजीला कुणीतरी अंघोळ घालणं, भरवणं, उठवणं-बसवणं यासाठी नर्सिंग होममध्ये वर्षानुवर्षं ठेवायचं झालं, तर मेडिकेअर ते भरत नाही. ऑपरेशननंतर बरं होण्यासाठी १०० दिवसांपर्यंत मिळतात, त्यातले पहिले २० पूर्ण. त्यालाही अट, आधी हॉस्पिटलमध्ये सलग तीन दिवस ऍडमिट हवं.

आणि इथं एक शब्द रुग्णाच्या नातेवाइकांनी पाठ करून ठेवावा, ऑब्झर्वेशन. माणूस हॉस्पिटलच्या खाटेवर चार रात्री झोपलेला असतो, सलाईन चालू असतं, पण कागदावर त्याला ऍडमिट केलेलं नसतं, "निरीक्षणाखाली" ठेवलेलं असतं. ते दिवस त्या तिनात मोजत नाहीत. मूळ मेडिकेअरवर असलेल्याला मग पुढच्या नर्सिंग होमचं बिल स्वतः भरावं लागतं. त्यामुळं नर्सला पहिल्याच दिवशी विचारायचं, पेशंट इनपेशंट आहे की ऑब्झर्वेशनवर?

कागद समजत नसतील तर अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात शिप नावाची सरकारी मदतीवर चालणारी मोफत सल्लासेवा आहे. तिथली माणसं विमा विकत नाहीत. योजना बदलायची असेल तर दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही मुदत असते, आणि त्या दिवसांत टीव्हीवर, फोनवर जाहिरातींचा पाऊस पडतो. आईवडिलांच्या फोनवर "तुमचं मेडिकेअर कार्ड बदलायचं आहे, नंबर सांगा" असा कॉल आला तर नंबर सांगू नका. मेडिकेअर स्वतःहून असा फोन करत नाही.